दुधाची गरज नाही

“आता नीट बघा हं बायांनो, पापणी लवू देऊ नका,” केझाया म्हणाली आणि तिने काचेच्या नळीतून आयोडीनचा एक थेंब पहिल्या बशीत सोडला.

त्या बशीत कुठल्याशा दुसऱ्या कंपनीचा कोको होता. थेंब पडला तिथे तो निळा झाला, मग निळा-काळा. बाजाराच्या छपराखाली जमलेल्या बायकांनी ‘अगंबाई’ केलं. दर शनिवारी बघत होत्या, तरी दर शनिवारी ‘अगंबाई’ करत होत्या.

“हा स्टार्च. म्हणजे साधं पीठ. पैसे मोजता कोकोचे आणि नवऱ्याला पाजता बटाट्याचं पीठ!”

“माझ्या नवऱ्याला कळायचंसुद्धा नाही,” मागून कुणीतरी म्हणालं. हशा पिकला.

केझायाने हशा संपू दिला. मग दुसऱ्या बशीत, थ्रॅपस्टन कंपनीच्या कोकोत, थेंब सोडला. तपकिरी तो तपकिरीच राहिला. जरासा काळवंडला असेलही, पण तेवढ्या तपकिरीत कोण बघायला जातंय.

“शुद्ध,” केझाया म्हणाली. हा शब्द ती मोठ्याने म्हणत नसे. चॅपलमध्ये प्रार्थनेच्या शेवटी ‘आमेन’ म्हणावं तितक्याच आवाजात म्हणायची, त्यामुळे सगळा बाजार कान टवकारायचा.

त्यानंतर जेबेझची गोष्ट. ती थेंबानंतरच यायची, आधी कधीच नाही. मिस्टर फॉसेटनी तसं बसवून दिलं होतं. फॉसेट म्हणजे कंपनीचा फिरता माणूस, मँचेस्टरहून आगगाडीने यायचा, हातमोजे घालून केझायाच्या मागे उभा राहायचा.

“माझा जेबेझ सहा वर्षांचा होता,” केझाया सांगायला लागली. “याच बाजारातून मी त्याला पेपरमिंटच्या गोळ्या घेतल्या. साखर महाग, म्हणून गोळीवाले त्यात प्लास्टर मिसळायचे. सगळेच मिसळायचे, कुणाला त्याचं काही वाटत नव्हतं. त्या दिवशी औषधवाल्यानं प्लास्टर समजून जे दिलं ते निघालं आर्सेनिक. दुसऱ्या दिवशी माझं लेकरू गेलं. शिक्षा कोणाला झाली? कोणालाच नाही. चूक झाली म्हणाले.”

बायकांनी शालीच्या टोकांनी डोळे पुसले आणि पिशव्या उघडल्या.

ती गोष्ट खोटी नव्हती. आमच्या या हॅसलडेन गावात त्या आठवड्यात पुष्कळ पोरं गेली, आणि आमच्या गल्लीतल्या पोरांना शेवटची आंघोळ मीच घातली, जेबेझलाही. गल्लीत मूल व्हायचं असलं की नॅनला बोलवा आणि माणूस गेलं की नॅनलाच बोलवा, अशी रीत आहे. ती नॅन म्हणजे मी. पण ते पोर दर शनिवारी बशांच्या शेजारी मांडलेलं मला बघवत नसे. एकदा तिला तसं म्हटलं, तर म्हणाली, “नॅन, मेल्यावर का होईना, तो कुणाच्या तरी उपयोगी पडतोय.”  

“आणि आता हा बघा माझा नातू!”

त्या दिवशी हे नवीनच होतं. केझायाने माझ्या हातातून वॉल्टरला घेतलं आणि उंच धरलं. चार-पाच महिन्यांचा, पांढराफटक आणि गुबगुबीत, मनगटांना वळ्या पडलेल्या. “थ्रॅपस्टनच्या बालाहारावर वाढलाय. पाण्यात शिजवा आणि भरवा. दुधाचा एक थेंब गेलेला नाही पोटात!”

बायकांनी गालगुच्चे घेतले. फॉसेट खूश होऊन मान डोलावत होता. वॉल्टर रडला नाही, हसलाही नाही. मी त्याला परत घेतलं तेव्हा तो मला पाण्यात भिजलेल्या पावासारखा लागला. नुसती सूज. पण आजीच्या आनंदावर विरजण कशाला घाला, म्हणून मी शाल सावरली आणि घरी आले.

जेबेझ गेल्यापासून केझाया प्रत्येक घास हुंगून खात असे. पाव हुंगायची, लोणी हुंगायची, चहाची पत्ती पाण्यात टाकून रंग सुटतो का ते बघायची. नवरा होता तोवर तो बिचारा गार झालेलं जेवण जेवला. गल्लीत तिला ‘शुद्ध केझाया’ म्हणत, तोंडावरसुद्धा. तिला त्याचा रागही येत नसे. पुढे भेसळ तपासणीचे कायदे आले, वर्तमानपत्रांत ज्याच्या त्याच्या मालावर ‘शुद्ध’ हा शब्द झळकायला लागला, तेव्हा तिला वाटलं, देवाने उशिरा का होईना आपलं ऐकलं. थ्रॅपस्टन कंपनीला ती कशी सापडली कोण जाणे. तिला पांढरा झगा मिळाला, बशा मिळाल्या, आणि आयुष्यात पहिल्यांदा लोक तिचं म्हणणं ऐकून घ्यायला लागले.

मुलगी सेलिना गिरणीत चार माग चालवायची. जावई एनॉक त्याच गिरणीत, आणि दोघं राहायची केझायाकडेच. वॉल्टर झाला आणि महिन्याभरात सेलिनाला मागावर परत जावं लागलं, कारण माग कुणाची वाट बघत नाहीत. अंगावरचं दूध आटलं. त्या दिवशी मी तिथेच होते.

“आई, डकवर्थकडनं दूध लावू या का?” सेलिना म्हणाली. “नॅन मावशी म्हणते, कोमट दुधात पाव कुस्करून दिला की मानवतो.”

“डकवर्थ! त्याच्या गोठ्यात सगळ्यात दुभती कोण, माहितीये? अंगणातला पंप! पाणी घालतो, पाणी झाकायला खडू घालतो, आणि नासू नये म्हणून वर कसली तरी पावडर. ते पाजू पोराला?”

“सगळी पोरं त्याच दुधावर वाढलीत की सासूबाई,” एनॉक म्हणाला. “मीसुद्धा.”

“म्हणूनच असा निपजलास,” केझाया म्हणाली, आणि आम्ही सगळे हसलो. त्या घरात तेव्हा हसायचे.

मग तिने कपाटातून डबा काढला. त्यावर लंडनच्या कुणा रसायनतज्ज्ञाचा दाखला छापला होता की माल पूर्णपणे शुद्ध आहे, आणि खाली ठळक अक्षरांत, ‘दुधाची गरज नाही’. सेलिनाने ते दोनदा वाचलं. छापलेल्या अक्षरावर आणि आपल्या आईवर तिने विश्वास ठेवला. कुणीही ठेवला असता. आणि मी तरी कुठे मोठी शहाणी लागून गेले होते! किरकिऱ्या पोरांना मी स्वतः अफूचा अर्क साखरेत कालवून चाटवलाय, आणि ती झोपली म्हणून आयांनी मला दुवा दिलाय. तेव्हा मला त्या पिठातलं काही कळत होतं असं नाही. मला फक्त पोर कळत होतं.

उन्हाळा लागला तसं वॉल्टरचं अंग उतरायला लागलं. झोपेत डोकं घामाने भिजायचं, उशी ओली व्हायची. काखेत धरून उभा केला तर पाय वाकायचे. वळ्या गेल्या, पोट तेवढं राहिलं. डॉक्टर म्हणाला दात येतायत, आणि त्याने एक पावडर दिली. केझायाने ती हुंगून फेकून दिली आणि बालाहार थोडा दाट शिजवायला लागली.

कंपनी तिला आसपासच्या गावांच्या बाजारांतही पाठवायची, ते दिवस वॉल्टर माझ्याकडे. एका मंगळवारी तो माझ्या मांडीवर पडला होता आणि मी माझ्यासाठी वाटीभर दुधात पाव कुस्करत होते. त्याने वाटीकडे बघितलं. पोरं बघतात तसं नाही, भुकेला म्हातारा बघतो तसं. मी बोटाला लागलेलं दूध त्याच्या ओठांवर लावलं, तर त्याने माझं बोट सोडलं नाही. मग मी त्याला भरवलं. पुढच्या वेळीही भरवलं. मंगळवारी भरवलं की बुधवारी तो तरतरीत होऊन आवाज काढायचा. केझाया म्हणायची, बघ, दाट केल्यावर कसा मानवतोय.

किती दिवस लपणार? एकदा ती लवकर परतली, दारातूनच त्याला उचललं, सवयीप्रमाणे त्याच्या तोंडाशी नाक नेलं आणि थबकली.

“दूध!”

“केझाया, ऐकून तरी घे.”

“कुणाचं? डकवर्थचं?”

“मग काय राणीच्या गोठ्यातलं आणू? अगं, पोर उपाशी आहे.”

“दिवसातनं पाच वेळा भरवते मी त्याला! उपाशी कसा असेल?” तिचा आवाज चिरकला. “नॅन, एक पोर मी माझ्या हातानं विष आणून मारलंय. पैसे देऊन आणलं होतं विष. दुसरं तुला मारू देणार नाही.”

“मी मारतेय?”

“पुन्हा आमच्या दारात पाऊल टाकू नकोस.”

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मीही तिला नाही नाही ते बोलले, सगळी गल्ली खिडकीत आली. त्यानंतर वॉल्टर तिच्याबरोबर टोपलीतून बाजारोबाज फिरायला लागला. आता ती त्याला उंच धरून दाखवत नसे. टोपली टेबलाखाली असायची, वर पांढरा कपडा.

भांडण झालं म्हणून मी बाजारात जायचं काही सोडलं नाही. पुढच्या शनिवारी मी गर्दीच्या कडेला उभी होते. केझायाने कोकोचे दोन्ही थेंब टाकले, ‘शुद्ध’ म्हणाली, आणि जेबेझ सुरू करणार तेवढ्यात पुढून एक भसाडा आवाज आला.

“मिसेस ग्रिमशॉ, तो थेंब काय फक्त कोकोतच पडतो?”

डकवर्थ होता. वर्षभर ती भर बाजारात त्याच्या दुधाचे धिंडवडे काढत होती, गिऱ्हाइकं तुटली होती त्याची. दोन-चार घोट घेऊनच आला असावा. “त्या पोरांच्या डब्यावर टाका की एक. बघू दे आम्हाला.”

“टाका, टाका!” बायका ओरडल्या. फुकटची करमणूक कुणाला नको असते?

“टाकते की!” केझाया म्हणाली. तिला भीती अशी वाटलीच नाही, हेच मला आजही आठवतं. ती इतकी ठाम होती की तिला त्याची कीवच आली असावी. फॉसेटचा हातमोजा तिच्या कोपराकडे आला, पण तोवर तिने डबा उघडून चमचाभर पीठ बशीत घेतलं होतं, त्यावर पाणी घातलं होतं. थेंब पडला.

दौत सांडल्यासारखी बशी काळी झाली. त्या दुसऱ्या कंपनीच्या कोकोपेक्षा कितीतरी काळी.

 मग डकवर्थ म्हणाला, “माझ्या दुधात पाणी असतं बाई, कबूल. पण पाण्यात दूध तरी असतं.”

हशाने छप्पर दणाणलं. फॉसेट लगेच पुढे झाला, चेहऱ्यावर एक सुरकुती नाही. “बायांनो, गव्हाचंच पीठ आहे ते, मग काळं होणारच! उत्तम गहू, बारीक दळलेला, मंद भाजलेला. खडू नाही, प्लास्टर नाही, कसलीही भेसळ नाही. हा रंग म्हणजे आमच्या शुद्धतेचा पुरावा.” बायकांनी माना डोलावल्या. एकीने तर तिथेच डबा घेतला.

केझाया अजून बशीकडे बघत होती.

“मिस्टर फॉसेट, यात नुसतं पीठ आहे?”

“उत्तम पीठ.”

“आणखी काही?”

“आणखी काही घातलं तर ते शुद्ध कसं राहील, मिसेस ग्रिमशॉ?” तो हसून म्हणाला. त्यात त्याचा काही दुष्टपणा नव्हता. माणूस खरं बोलत होता.

केझायाने खाली वाकून टोपली उचलली. बशा तशाच टाकून, पांढऱ्या झग्यातच ती गर्दीतून निघाली. डकवर्थचा हसू थांबलेला चेहरा मी बघितला. ती त्याच्याचकडे निघाली होती.

ती त्याला गोठ्यावर घेऊन गेली; तिथे काय झालं ते मला त्यानेच नंतर सांगितलं. ती म्हणाली, “दूध दे. पाणी घातलेलं असलं तरी दे.” त्याने गाय समोर बांधली आणि केझायाच्या डोळ्यांदेखत एका कासंडीत धार काढली. पैसे घेतले नाहीत. “बाई सबंध वेळ माझ्या हातांकडं बघत होती, पण चोर पकडायला बघतात तसं नाही,” तो म्हणाला.

बाजार आटपून मी घरी पोचते तो केझाया माझ्या दारात उभी. एका हातात कासंडी, दुसऱ्या हातात टोपली. आठवड्यापूर्वी तिने मला काय म्हटलं होतं ते दोघींनाही पाठ होतं.

“नॅन, तू भरव,” ती म्हणाली. “माझ्या हातनं नको.”

मी पाव कुस्करला, दूध कोमट केलं. केझाया भिंतीकडे तोंड करून बसली. वॉल्टरने दोन-तीन चमचे घेतले, आणि मला वाटलं, जमलं. मग ते सगळं परत आलं. पुन्हा दिलं, पुन्हा परत आलं. सेलिना धावत आली तेव्हा त्याच्या हनुवटीवरून दूधच ओघळत होतं, आणि तिने पहिल्यांदा बघितलं ते तेवढंच.

रविवार आणि सोमवार आम्ही तिघी आळीपाळीने थेंब थेंब घालत होतो. मंगळवारी सकाळी गिरणीचा भोंगा झाला, सेलिना सवयीने उठून उभी राहिली, आणि बसली तेव्हा वॉल्टर गेलेला होता.

त्याला मीच न्हाऊ घातलं. इतकी वर्षं हे काम करतेय, मेलेलं माणूस जड लागतं म्हणतात ते खरं आहे. तो लागला नाही.

गल्लीतल्या चार मुलींनी पांढऱ्या पट्ट्यांवर त्याची छोटी शवपेटी तोलून नेली. परत आल्यावर रीतीप्रमाणे चहा आणि हॅम झालं. केझायाने पुढ्यात आलेलं हॅम न हुंगता तोंडात घातलं आणि चावत राहिली. चव तिला लागली नसावी.

दोन-तीन दिवसांनी फॉसेट आला. काळे हातमोजे, हातात कोकोच्या डब्यांची छोटी टोपली. केझायाकडे आम्ही सगळेच होतो. सेलिना माझ्याशी बोलत नव्हती, पण मला जा असंही कुणी म्हटलं नव्हतं, म्हणून मी चुलीपाशी बसून होते. तो हळहळला, आणि मनापासून हळहळला असं मला वाटलं. त्यालाही दोन मुली होत्या म्हणे. मग खुर्ची थोडी पुढे ओढून म्हणाला,

“मिसेस ग्रिमशॉ, त्या शनिवारी जे झालं त्याची गावात चर्चा आहे. कंपनीला तुमची काळजी आहे. तुम्ही पुन्हा उभं राहावं अशी आमची इच्छा आहे. जरा बरं वाटलं की.”

केझायाने त्याने आणलेली टोपली खाली जमिनीवर ठेवली.

“मुलाला शेवटी काय दिलं गेलं होतं?” त्याने हळूच विचारलं.

“दूध,” सेलिना म्हणाली. “त्या डकवर्थचं. हिनं पाजलं.” माझ्याकडे न बघता तिने माझ्याकडे बोट दाखवलं. “आधीपासून चोरून पाजत होती. बाळ चांगला होता. सगळ्यांनी बघितलाय, बाजारात सगळ्यांनी बघितलाय कसा गुटगुटीत होता. दूध पोटात गेलं आणि तो गेला.”

“तेच तर,” फॉसेट म्हणाला. “तेच लोकांना कळायला हवं. मिसेस ग्रिमशॉ, तुमच्या तोंडून लोकांनी जेबेझचं ऐकलं, ते सावध झाले. आता हे जर ऐकलं, तर किती आया वाचतील? जे झालं तेवढंच सांगायचं. शेवटी दूध दिलं, आणि तो गेला. यात खोटं एक अक्षर नाही.”

खरंच नव्हतं. मी चुलीतल्या निखाऱ्यांकडे बघत बसले.  भरवलं मीच होतं. उद्यापासून गल्लीत मला बाळंतपणाला कुणी बोलावणार नाही, मेलेल्याला न्हाऊ घालायलाही नाही, एवढं मला कळून चुकलं होतं. आणि सेलिनाच्या चेहऱ्याकडे बघितलं तर वाटायचं, राहू दे. पोरीला धरायला काहीतरी हवं. मी नाहीतर डकवर्थ, कुणीतरी बाहेरचं हवं.

“सेलिना,” केझाया म्हणाली, “तो दुधानं नाही गेला.”

“आई...”

“डब्यानं गेला. त्यात नुसतं पीठ होतं. पाण्यात पीठ शिजवून मी त्याला पाच-सहा महिने भरवलं. दिवसातनं पाच वेळा, तोंड पुसून, मुका घेऊन. तू दूध मागितलंस तेव्हा नको मी म्हटलं. नॅननं चोरून दिलं तेवढंच त्याच्या पोटात खरं अन्न गेलं, आणि ते कळल्यावर मी तेही बंद केलं.”

“नको बोलूस. आई, नको ना बोलूस.”

“मी भरवलं, सेलिना.”

 सेलिना अगदी बारीक आवाजात म्हणाली, “मला कशाला सांगितलंस? दूध म्हणाली असतीस तर तुझं काय बिघडलं असतं?”

  केझायाने माझं नाव वाचवलं आणि स्वतःचं घर मोडलं, आणि मी त्याबद्दल तिचे आभारसुद्धा मानले नाहीत. अशा गोष्टीचे आभार कसे मानायचे असतात?

एनॉक उठला आणि फॉसेटची हॅट त्याच्या हातात देऊन म्हणाला, “तुम्ही निघा आता, साहेब.” जाताना फॉसेटने पांढरा झगा मागून घेतला. कंपनीचा होता. कोकोची टोपली मात्र विसरला किंवा ठेवून गेला.

महिन्याभरात सेलिना आणि एनॉक एनॉकच्या बहिणीकडे नेल्सन गावी राहायला गेली. तिथेही गिरण्या आहेत, मागही आहेत. जाताना एनॉकने सासूचा हात हातात घेतला. सेलिना गाडीत आधीच बसली होती.

केझाया गिरणीच्या कचेरीच्या फरशा पुसायला जायला लागली. जेवायला कधी माझ्याकडे, कधी एकटी. पुढ्यात येईल ते खायची. गल्लीत कुणी तिला ‘शुद्ध केझाया’ म्हणेनासं झालं, आणि खरं सांगते, मला ते ऐकायची सवय होती, चुकल्यासारखं वाटायचं.

थंडी पडायला लागल्यावर एका शनिवारी आम्ही दोघी लोकर घ्यायला बाजारात गेलो. छपराखाली गर्दी होती. पांढऱ्या झग्यातली एक तरुण बाई बशा मांडून उभी होती. गालावर खळी, आवाज खणखणीत. एक बशी निळी झाली, बायकांनी ‘अगंबाई’ केलं. दुसरी तपकिरीच राहिली. मागे फॉसेट होता. आम्ही वळणार तेवढ्यात ती सांगायला लागली.

“माझा धाकटा भाऊ होता, जेबेझ. सोनेरी कुरळे केस. याच बाजारातून माझ्या आईनं त्याला पेपरमिंटच्या गोळ्या घेतल्या...”

 फॉसेट तिच्या प्रत्येक शब्दाबरोबर ओठ हलवत होता. त्याने केझायाला बघितलं, आणि खिशातलं घड्याळ काढून त्यात बघत बसला.

“चल,” मी केझायाचा दंड धरला. “नाहीतर थांब इथंच. मी जाऊन तोंड फोडते तिचं.”

“थांब,” केझाया म्हणाली. “संपू दे.”

ती शेवटपर्यंत ऐकत उभी राहिली. त्या बाईने जेबेझला एक आजारपण जास्तीचं दिलं होतं, आणि मरताना आईचं नाव घ्यायला लावलं होतं. त्याने घेतलं नव्हतं. त्याला बोलताच येत नव्हतं, मी होते तिथे. बायकांनी डोळे पुसले.

“चांगलं सांगते,” केझाया म्हणाली. “केस काळे होते त्याचे.”

गर्दी टेबलाकडे सरकली तशा आम्हीही रेटल्या गेलो. त्या बाईने मनमोकळं हसून केझायाच्या हातात डबा दिला. पोरीला काही ठाऊक नव्हतं, तिला जे शिकवलं तेवढंच तिला ठाऊक. “घ्या ना आजी! घरी नातवंडं असतील ना?”

केझायाने डबा हातात धरून ठेवला. मला वाटलं, आता बोलेल, आता सगळ्या बाजाराला ऐकू जाईल असं बोलेल. फॉसेटलाही तसंच वाटलं असावं, कारण त्याने घड्याळाचं झाकण मिटलं.

“नाहीत,” ती म्हणाली.

तिने डबा परत डब्यांच्या चळतीवर ठेवला. चळतीतले दोन-तीन डबे तिरपे झाले होते. कंपनीचं नाव समोर येईल असे तिने ते नीट वळवून लावले, आणि आम्ही लोकरीच्या दुकानाकडे गेलो.